नाईक भास्कर आणि पहिलवानाचं पुस्तक

नव्वदच्या दशकाच्या शेवटी आमची कंपनी उत्तर काश्मीरमध्ये होती. मी लान्स नाईक होतो, रेडिओ ऑपरेटर. आमची पोस्ट साधारण साडेबारा हजार फुटांवर होती. अठरा माणसं. डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यात खालचा रस्ता बंद झाला. तो एप्रिलमध्ये उघडणार होता. तोपर्यंत जे वर आलं होतं त्यावरच भागवायचं, रेशन, रॉकेल, बॅटऱ्या, सगळंच.

दिवस असा जायचा. साडेपाचला स्टँड-टू, म्हणजे सगळ्यांनी हत्यारं घेऊन मोर्चावर. त्यानंतर खंदकातला बर्फ उपसायचा. पत्र्याच्या डब्यात बर्फ वितळवून पाणी करायचं. हत्यारं साफ करायची. एक वाजता जेवण. ड्यूटी नसेल त्याला दोन ते तीन मोकळा वेळ. त्या तासात आम्ही पुस्तक वाचायचो.

पुस्तक इंग्रजी होतं. आधीच्या युनिटचे एक कॅप्टन साहेब ते बंकरमध्ये विसरून गेले होते. एका अमेरिकन पहिलवानाचं आत्मचरित्र. टीव्हीवर दोरखंडाच्या चौकोनात कुस्त्या खेळतात, त्यातला. मुखपृष्ठ फाटलेलं होतं आणि त्यावर पहिलवानाचा फक्त एक खांदा उरला होता. भरती होण्याआधी मी वर्ध्याला बी.ए.चं एक वर्ष केलं होतं, म्हणून पोस्टवर इंग्रजी वाचणारा मीच.

पुस्तक नाईक भास्करच्या हाती लागलं. भास्कर सिंदी मेघेचा, मी हिंगणीचा. बटालियनमध्ये वर्धा जिल्ह्यातले आम्ही दोघंच होतो. भास्कर स्वतः पहिलवान. नागपंचमीच्या दंगली मारलेल्या. बटालियनच्या कुस्तीच्या टीममध्येही होता, पण उजवा खांदा निखळल्यावर टीम सुटली. त्याच्या वडिलांचं किराणा दुकान. शेजारच्या पानठेल्यावर केबलचा टीव्ही आला, तेव्हापासून तो या अमेरिकन कुस्त्या बघायचा. सुट्टीवर गेला की बायकोला घेऊन घरीसुद्धा बघायचा.

"मले इंग्रजी येत नाई," तो म्हणाला. "तू वाचजो, मी आयकतो."

मी दोन ओळी वाचायचो आणि आपल्या बोलीत सांगायचो. रोज चार-पाच पानं व्हायची. भास्कर मला मास्तर म्हणायला लागला. आमचे सेक्शन कमांडर हवालदार निकम साताऱ्याकडचे. तेही बुखारीजवळ, म्हणजे रॉकेलच्या शेगडीजवळ, बसून ऐकायचे. पहिलवानाचं लहानपण झालं, त्याचा दारुडा बाप झाला, पहिली नोकरी झाली. पोस्टवर दुसरं काही घडत नव्हतं, त्यामुळे त्या माणसाच्या आयुष्यात काय घडतंय याची सगळ्यांना काळजी.

मी उद्याची पानं आज वाचून ठेवायचो. फेब्रुवारीत एका प्रकरणाशी थांबलो. त्यात त्याने सरळ लिहिलं होतं की कुस्तीचा निकाल आधी ठरलेला असतो. कोण जिंकणार ते कपडे बदलायच्या खोलीत सांगतात.

भास्कर त्या कुस्त्या खऱ्या मानायचा. त्यावरून पोस्टवर दोनदा भांडण झालं होतं. मी ते प्रकरण गाळलं. त्या जागी मनाने एक कुस्ती रचून सांगितली.

भास्करला इंग्रजी येत नव्हतं, आकडे येत होते.

"काल एकशेबारा पानावर होता," दुसऱ्या दिवशी तो म्हणाला. "आज एकशेएकतीस कसं?"

मी पानं उलटत राहिलो.

"काऊन सोडलं मास्तर?"

मी सांगितलं. तो ऐकत राहिला. मग म्हणाला, "मी का लहान पोरगा हाओ का?" आणि उठून गेला. दोन दिवस माझ्याशी बोलला नाही. अठरा माणसांच्या पोस्टवर कोणी बोलत नसलं की फार कळतं.

त्याच दोन दिवसांत बर्फ सुरू झाला. पेट्रोल, म्हणजे गस्त, बंद. तिसऱ्या दिवशी दुपारी दोनला तो आपला मग घेऊन माझ्यासमोर बसला.

"वाच. सोडलेलं सारं वाच."

मी वाचलं. पडणं खरं असतं, असं त्या पहिलवानाने लिहिलं होतं. पाठ खरी मोडते. रक्त खरं असतं. फक्त कोण हरणार ते ठरलेलं. पुढे त्याने एक प्रसंग सांगितला होता. त्याच्या स्वतःच्या गावात कुस्ती होती. आई पहिल्या रांगेत येऊन बसली होती. आणि खोलीत त्याला सांगण्यात आलं, आज तू हरायचं.

"हारायचं हाय हे मालूम असून जाते कसा माणूस?" भास्करने विचारलं.

"हुकूम असतो," निकम म्हणाले. "पुढं वाच की रं."

तीन वाजले होते. भास्करची पहाऱ्याची ड्यूटी होती. मी पुस्तक मिटलं. प्रकरण गाळायचं ठरल्यामुळे पुढचं पान माझंही वाचायचं राहिलं होतं.

दुसऱ्या दिवशी आभाळ मोकळं झालं. आमच्या आणि पुढच्या पोस्टच्या मध्ये लिंक पेट्रोल जायचं, अंतर साधारण दोन तासांचं. चार दिवसांत गेलं नव्हतं. पोस्ट कमांडर सुभेदार साहेबांनी कंपनी हेडक्वार्टरशी बोलून परवानगी घेतली. आठ वाजून दहा मिनिटांनी सहा जण निघाले. कमांडर हवालदार निकम. पेट्रोलचा रेडिओ सेट भास्करच्या पाठीवर. पोस्टचा सेट माझ्याकडे. रेडिओच्या नेटवर पोस्टचं नाव टायगर वन, पेट्रोलचं टायगर टू. दर अर्ध्या तासाला रिपोर्ट.

आठ चाळीसला पहिला रिपोर्ट आला. नऊ दहाला दुसरा.

"टायगर वन, टायगर टू. सब ठीक. ओव्हर."

"टायगर टू, रॉजर. ओव्हर."

मग थोडी खरखर. भास्करचाच आवाज.

"मास्तर, तो आपल्या गावात हारला का मंग? ओव्हर."

नेटवर फालतू बोलायची मनाई होती. कंपनी हेडक्वार्टरही ऐकत असायचं.

"टायगर टू, नेट पे बातचीत नहीं. आऊट."

मी लॉगबुकात लिहिलं, ०९१०, सब ठीक. प्रश्न लिहिला नाही.

नऊ पस्तीसच्या सुमाराला आवाज आला. गिट्टीचा ट्रक रिकामा व्हावा तसा, पण बराच वेळ चाललेला. मग तोही थांबला. नऊ चाळीसला रिपोर्ट आला नाही. पुढच्या पोस्टने नेटवर कळवलं की नाल्याच्या बाजूला बर्फाचा धूर दिसतोय. मी टायगर टूला हाक मारली. उत्तर नाही. पुन्हा मारली. लॉगबुकात प्रत्येक हाकेची वेळ आहे. नऊ चाळीस ते दहा या वेळात मी अकरा हाका मारल्या.

सुभेदार साहेब आठ जण घेऊन निघाले. मलाही न्या, असं मी म्हणालो.

"सेट कोण बघणार?" ते म्हणाले.

मी सेटवर बसलो. दहा पन्नासला त्यांचा पहिला निरोप आला. तिघे जिवंत. निकमांचा हात मोडलेला. अकरा वीसला लान्स नाईक शिवाजी सापडला, नंतर सिपाही दत्ता. दोघे गेलेले. भास्करचा पत्ता नाही. मी हे सगळं कंपनी हेडक्वार्टरला कळवत गेलो. माझा आवाज नेहमीसारखाच होता असं पुढे तिथल्या ऑपरेटरने मला सांगितलं. मलाही तसंच वाटत होतं. काहीच वाटत नव्हतं, असं म्हटलं तरी चालेल.

साडेबाराला दोन जखमींना घेऊन एक तुकडी परत आली. त्यातल्या एकाने सेट घेतला आणि मी गेलो. बर्फात लांब काठ्या टोचत आम्ही ओळीने सरकत होतो. एक पाऊल, एक टोचा. तीन पंचावन्नला माझी काठी टणक जागी लागली. दगडावर वाजते तशी वाजली नाही. आम्ही फावड्यांनी आणि मग हातांनी उकरलं. दोन मीटर खाली भास्कर पालथा होता. काठी त्याच्या पाठीवरच्या सेटला लागली होती.

सेट चालू होता. त्यातून पोस्टवरचा ऑपरेटर कंपनी हेडक्वार्टरशी बोलत होता. शब्द न् शब्द ऐकू येत होता.

मी हात लांब करून सेट बंद केला.

नर्सिंग असिस्टंट म्हणाला, गाडला गेल्यावर काही मिनिटांतच गेला असणार. काही म्हणजे किती, हे मी विचारलं नाही. पाच मिनिटांवर माझी पहिली हाक होती.

तीन दिवसांनी हेलिकॉप्टर आलं. भास्करसोबत एस्कॉर्ट म्हणून मला पाठवलं. नागपूरपासून आर्मीचा ट्रक होता. सेलूला हिंगणीचा फाटा लागला. मी समोर बघत राहिलो. सिंदी मेघेत गल्ली भरली होती. त्याचे वडील दुकानाच्या पायरीवर बसलेले होते. मी सॅल्यूट केला. ते म्हणाले, "बसा." मग विचारलं, "सकाळी जेवून गेलता का?"

"हो काका. पुरी आणि चहा."

"किती पुऱ्या?"

मला माहीत होतं. शेजारीच बसलो होतो. "सहा," मी म्हणालो. त्यांनी मान हलवली.

त्याच्या बायकोने, सुषमावहिनींनी, आत बोलावून विचारलं, "शेवटी काई बोलले का जी ते?"

"सब ठीक म्हणाले," मी सांगितलं. लॉगबुकात तेच होतं.

पोस्टवर परत गेलो तेव्हा पुस्तक माझ्या अंथरुणावर ठेवलेलं होतं. कोणी वाच म्हणालं नाही. एप्रिलमध्ये, रस्ता उघडायच्या आधी, मी ते दोन दिवसांत एकट्याने संपवलं. सोबत घेऊनही आलो.

पुढे काही वर्षांनी पेन्शनवर आलो. पिपरी मेघेत घर बांधलं, एका गोदामावर सुरक्षेची नोकरी धरली. सिंदी मेघे सायकलने पंधरा मिनिटं, तरी दोन वर्षं तिकडे गेलो नाही. मग एका रविवारी सकाळी गेलो. काका वारले होते. दुकान वहिनी चालवत होत्या. गिऱ्हाईक कमी झाल्यावर मी म्हणालो, "वहिनी, मी तुम्हाले अर्धंच सांगतलं होतं."

पुस्तकाचं सांगितलं. गाळलेलं प्रकरण, दोन दिवसांचा अबोला, नऊ दहाचा प्रश्न, आणि माझं उत्तर. त्या वजनकाट्यावर हात ठेवून ऐकत होत्या.

"म्हणजे राग गेलता त्यायचा?"

"हो. वाच म्हणाला होता."

"मंग, हारला का तो?"

"हारला. ठरल्याप्रमाणे."

"अन् त्याची माय?"

"तिले कोणी सांगितलं नव्हतं. ती घरी गेली आणि त्याच्यासाठी हळद लावायची तयारी करून बसली, असं काहीतरी लिहिलं आहे. हळद नसेल. मलम असेल."

वहिनी हसल्या. मग दुकानाच्या आत गेल्या आणि बराच वेळ बाहेर आल्या नाहीत. एक गिऱ्हाईक आलं. त्याला मी अर्धा किलो साखर तोलून दिली.

लोक मला विचारतात, युद्ध पाहिलं का. मी नाही म्हणतो. आमच्या पोस्टवर त्या हिवाळ्यात एकही गोळी झाडली गेली नाही. तीन माणसं गेली.

नाईक भास्कर. वय तीस.

लान्स नाईक शिवाजी, सांगलीचा. आमच्या पोस्टचा न्हावी तोच होता. कोणाचेही केस कापताना स्वतःची जीभ बाहेर काढायचा. त्याला एक मुलगी होती. तिचं नाव ठेवायला त्याला सुट्टी मिळाली नव्हती, पत्राने ठेवलं.

सिपाही दत्ता, बीडचा. शेवटच्या कॉन्व्हॉयने वर आला. पोस्टवर उंचावरच्या त्रासाने आजारी पडला, मग बरा झाला. ते त्याचं पहिलंच पेट्रोल होतं. पुस्तक ऐकायला तो दाराजवळ बसायचा, कारण नव्या माणसाला बुखारीजवळ जागा नसायची. त्याने कधी काही विचारलं नाही. मी वीस वर्षं लोकांचे आवाज ऐकायचं काम केलं. दत्ताचा आवाज कसा होता ते मला आठवत नाही.