टाकीतले सहाशे किलो

जव्हारच्या वेशीवर माझा वजनकाटा आहे. खडीचे ट्रक, भाताच्या गोण्यांचे टेम्पो, भंगारवाले, सगळे माझ्या काट्यावरून जातात. चौदा वर्षं मी चिठ्ठ्या फाडतोय आणि एवढं छातीठोक सांगतो, की माणूस वयाबद्दल बोलत नाही तेवढं खोटं वजनाबद्दल बोलतो. हेमंत मात्र खोटं बोलत नव्हता. त्याला खरंच काही माहीत नव्हतं.

दोन वर्षांपूर्वी या हेमंतनं शाळेची एक जुनी बस घेतली आणि तिची घरगाडी केली. आत झोपायला पलंग, मध्ये स्वयंपाकाचा ओटा, मागं संडास. मुंबईच्या पाहुण्यांनी दिवसा दाभोशाचा धबधबा बघायचा, संध्याकाळी सूर्यमाळला चढायचं आणि तिथल्या गार हवेत गाडीतच मुक्काम करायचा, असा त्याचा बेत. गाडी तयार झाली तशी तो ती काट्यावर घेऊन आला.

"गोकुळ, बत्तीस सीटा काढून टाकल्यात. आता कशी फुलासारखी झाली असेल बघ!"

आरसी बुकात सीटांसकट रिकाम्या गाडीचं वजन होतं पाच हजार दोनशे. माझ्या काट्यानं दाखवलं सहा हजार तीनशे चाळीस. हेमंतनं आकडा वाचला, पुन्हा वाचला, मग खाली वाकून काट्यात दगडबिगड अडकलाय का ते पाहिलं.

मी त्याला हाताला धरून गाडीत नेलं. प्लायवूडचे पलंग नि कपाटं. इन्व्हर्टरच्या चार बॅटऱ्या, एकट्यादुकट्याला न उचलणाऱ्या. टपावर एसी आणि सोलरच्या पाट्या. दोन सिलिंडर. आणि ओटा, तो कडप्प्याचा!

"अरे शहाण्या, चालत्या गाडीत कडप्पा कोण घालतं?"

"ओटा म्हटलं की कडप्पाच ना," तो म्हणाला.

मागच्या पलंगाखाली सहाशे लिटरची पाण्याची टाकी होती. ती तेव्हा रिकामी होती. मी त्याला बजावलं, की ही भरलीस म्हणजे आणखी सहाशे किलो. वर आठ माणसं नि त्यांचं सामान बसलं, की गाडी बुकातल्या हद्दीबाहेर जाते, आणि आपल्या घाटात हद्दीबाहेरची गाडी म्हणजे जिवाशी खेळ. तेव्हा घाट चढताना पाव टाकीच पाणी ठेव, वर पोचलास की टँकरचं भर. हेमंतनं लगेच कागदावर लिहून पलंगावर चिकटवलं : घाट चढताना पाव टाकी. म्हणजे तो नियम मुळात माझा. पुढं जे झालं त्यात माझाही वाटा आहे, तो मी आधीच कबूल करून टाकतो.

गाडीवर त्यानं एक जोडपं ठेवलं. तुळशीदास झुगरे चालवायला आणि त्याची बायको सरू स्वयंपाकाला.

सरू सूर्यमाळच्या अलीकडच्या एका पाड्यावरची. चौथी शिकलेली, तेव्हा तो कागद तिला वाचता येत होता, हे लक्षात ठेवा. सातव्या वर्षापासून तिच्या डोक्यावर हंडा. त्या पाड्याची विहीर होळी झाली की तळ दाखवते, मग बाया खाली दरीतल्या झऱ्यावर उतरतात. झऱ्यावर हंडा वाटीवाटीनं भरावा लागतो. म्हणून हंडे रांगेत लावायचे. कुणाला मधेच घरी जायचं असेल तर हंडा उचलायचा आणि त्या जागी दगड ठेवायचा. त्या दगडाला हात लावायची कुणाची छाती नाही, मग भांडण कितीही जुनं असो. आणि दुसरी एक रीत, कुणी न शिकवता सगळ्यांना येणारी : पाण्यावर गेलेली बाई भांडं रिकामं किंवा अर्धं घेऊन परतत नाही. सरूची आई तापानं फणफणलेली असताना भरला हंडाच घेऊन वर आली आणि दारात बसली ती उठलीच नाही.

लग्न झाल्यावर अठरा वर्षं हे दोघं दिवाळीनंतर भिवंडीला जात. तो डंपरवर, ती बांधकामावर. पत्र्याच्या खोलीत राहायचं, पोरगी प्रतिक्षा इकडं आश्रमशाळेत. हेमंतच्या गाडीमुळं पहिल्यांदा त्यांना उन्हाळा आपल्या घरी काढता आला. सरू मला म्हणाली होती, "गोकुळदादा, आता परत त्या पत्र्यात जायाचा नाय." हे बोलताना तिच्या तोंडावर जो आनंद होता तो मी विसरलेलो नाही.

दाभोशाहून परतताना गाडी जामसरला थांबायची. तिथं फागी नावाची सरूची मैत्रीण राहते, तिच्या बोअरवर पाव टाकी भरायची. पहिल्या खेपेला सरूनं नळ सोडला. पावापर्यंत पाणी आलं, ते तिला दिसलं. पण बोअर धो धो वाहत असताना पाऊण टाकी रिकामी घेऊन निघायचं, हे काही तिच्या हाताला जमेना. तिनं टाकी गळ्यापर्यंत भरली. कुणासाठी वगैरे विचार तेव्हा नव्हता, ती म्हणते, आणि मी ते खरं मानतो.

वर तिच्या पाड्याच्या वळणाला तुळशीदासनं गाडी बाजूला घेतली. "इंजिन तापलाय, अर्धा तास थांबू," म्हणाला आणि पाहुण्यांना दरी दाखवायला घेऊन गेला. रस्त्यानं दोन बाया रिकामे हंडे घेऊन झऱ्याकडं निघाल्या होत्या. सरूनं त्यांना हाक मारली आणि टाकीचा कॉक सोडला.

त्यानंतर आठवड्यातून दोनदा, प्रत्येक खेपेला, त्या वळणावर रांग लागायला लागली. एकोणीस घरं, घराला दोन हंडे. गंगी नावाची एक बाळंतीण होती, तिचा नंबर पहिला. हंड्यात बारा लिटर बसतं. हिशेब करा, पाहुण्यांचं जवळपास पाव टाकी पाणी मागं उरतंच. सरूनं तो बरोबर बसवला होता. आणि इंजिन दर खेपेला नेमकं त्याच वळणाला तापायचं. सरूला वाटायचं, देवच पावला.

पण घाटाला असं पावणंबिवणं कळत नाही. तीन महिन्यांत गाडीच्या दोन क्लचप्लेटा जळाल्या. हेमंत तुळशीदासवर डाफरला, "डंपरची सवय तुझी! क्लचवर पाय ठेवून चालवतोस." तुळशीदास खाली मान घालून ऐकत राहिला. ओट्यापाशी सरू भांडी घासत होती, तिनं सगळं ऐकलं. पुढच्या महिन्यापासून नाशिकचा दुसरा ड्रायव्हर आणतो, असं हेमंत बोलून गेला. ड्रायव्हर गेला की स्वयंपाकीण जाणार, आणि दोघं पुन्हा भिवंडीच्या पत्र्यात.

सांगावं तर पाड्याचं पाणी बंद. न सांगावं तर नवरा नाहक चोर. धरलं तर चावतं, सोडलं तर पळतं. गाडीत जागा ती केवढी, चार पावलं पुढं, चार पावलं मागं. सरू त्यातच फिरायची. रात्री त्याच पलंगावर पाठ टेकली की खालचं पाणी डुबुक डुबुक हलायचं आणि तिला झोप लागायची नाही. तिनं मला नंतर सांगितलं, "दादा, भिवंडीच्या खोलीतपन यवढा कोंडल्यासारखा नव्हता वाटत."

मे महिन्याच्या एका दुपारी जामसरहून गाडी जव्हारला आली. पाहुणे परस्पर सूर्यमाळला यायचे होते, काजवे बघायला. टाकी भरलेली. नाक्यावर हेमंत चढला आणि म्हणाला, "आधी काट्यावर घे. पहिल्या चिठ्ठीत सहा हजार तीनशे चाळीस आहे, वर पाव टाकीचे दीडशे धर. तेवढंच भरलं तर दोष तुझ्या पायाचा, तुळशीदास. जास्त भरलं तर गाडीत काहीतरी आहे."

तो पुढं बसला. सरू मागं, पलंगावर. पलंगाखाली हात घातला की कॉक. नाक्यापासून माझ्या काट्यापर्यंत चढण आहे, गाडी हळू चालते. कॉक सोडला असता तर पाणी रस्त्यावर वाहून गेलं असतं, कुणाला पत्ता लागला नसता. वजन बरोबर भरलं असतं, चोरी लपली असती, पुढच्या खेपेला टाकी पुन्हा भरता आली असती. आणि नवरा कामावरून गेला असता. तिचा हात कॉकवरच होता, म्हणाली. तो हात कॉक फिरवेना आणि तिथून निघेना. अशी ती माझ्या काट्यावर आली.

सगळे खाली उतरले. मी आकडा वाचला. सहा हजार नऊशे चाळीस.

"सहाशे किलो!" हेमंत ओरडला. "पाव टाकीचे दीडशे सोडले तरी बाकीचे कुठून आले?"

मला लगेच कळलं. सहाशे हा आकडा मीच त्याला शिकवला होता. मी तोंड उघडणार, तेवढ्यात तुळशीदास पुढं झाला.

"शेठ, काटाच खराब हाय याचा. पाय माजाच असतो क्लचवर. मीच चुकलो."

माझं टाळकं सरकलं. चौदा वर्षांत माझ्या काट्याला कुणी खराब म्हटलं नव्हतं! मी त्याच्या अंगावर धावणारच होतो, पण माझी नजर सरूकडं गेली. ती नवऱ्याकडं बघत होती. इतके दिवस ज्याच्यापासून लपवलं त्याला पहिल्या खेपेपासून ठाऊक होतं, हे तिला त्या क्षणी कळलं. अठरा वर्षं डंपर चालवलेल्या माणसाला पाठीमागं काय हलतंय ते कळणार नाही? इंजिन एकदाही तापलं नव्हतं. पाड्याचं पाणी चालू राहावं म्हणून तो तीन महिने तोंड दाबून बुक्क्यांचा मार खात होता, आणि आता नोकरीही सोडायला निघाला होता.

"काटा बराबर हाय," सरू म्हणाली. "टाकीत पानी हाय. मी भरते, दर टायमाला. आमच्या पाड्यावर देते. याचा काय चुकला नाय."

हेमंत वाईट माणूस नाही. पण त्या घाटात त्याचे पाहुणे बसलेले असतात आणि दोनदा क्लच जळालेला. "उद्या ब्रेक गेला असता तर?" तो म्हणाला. मग म्हणाला, "टाकी खाली कर. मला दुसरी चिठ्ठी पाहिजे."

"वजाबाकी कर की," मी म्हटलं. "पाणी कशाला सांडतोस?" पण त्याला राग चढला होता. माझ्याकडं एक पिंप होतं ते आणलं. बाकीचं जमिनीवरच जाणार होतं. हेमंत कॉककडं निघाला, तर सरूनं त्याला हातानं अडवलं आणि स्वतः सोडला. पाणी धुळीतून वाट काढत गटाराकडं गेलं. ती शेवटपर्यंत तिथंच उभी होती, ओठ हलत होते. हंडे मोजत होती. मला बघवेना, मी केबिनमध्ये जाऊन बसलो.

सहा हजार तीनशे चाळीस. ती चिठ्ठी हेमंतनं तुळशीदासच्या हातात दिली आणि "कामावर राहा" म्हणाला. टाकीच्या तोंडाला त्याच दिवशी कुलूप लावलं. एका चिठ्ठीनं नवऱ्याचं नाव धुतलं आणि पाड्याचं पाणी तोडलं. अशी चिठ्ठी मी पुन्हा कधी फाडलेली नाही.

संध्याकाळी गाडी वळणाला पोचली तेव्हा अडतीस हंडे रांगेत होते. सरू उतरली आणि म्हणाली, "टाकी खाली हाय. आता येनार नाय पानी." कुणी तिला बोल लावला नाही. गंगीनं पोर कडेवर घेतलं, आपले हंडे उचलले, आणि त्यांच्या जागी दोन दगड ठेवले. मग सगळ्यांनीच ठेवले.

ते दगड अजून तिथं आहेत. तुळशीदास अजून आठवड्यातून दोनदा त्या वळणाला गाडी थांबवतो, इंजिन तापलं म्हणतो आणि पाहुण्यांना दरी दाखवायला नेतो. सरू खाली उतरते. गुरांच्या पायानं एखादा दगड सरकलेला असतो, तो जागेवर लावते. गंगीचे दोन पहिले आहेत ना ते बघते, आणि परत गाडीत जाऊन बसते.