आठवर न थांबणारं पाणी

सदर इसम उद्वाहन निरीक्षक, वर्ग दोन. उद्वाहन म्हणजे लिफ्ट. पण नुसती लिफ्ट तपासायला कोणीही जाऊ शकतं, उद्वाहन तपासायला हुकूम लागतो. बांधा मध्यम, वर्ण निमगोरा, ओळखण्याची खूण: दोन्ही मनगटांवर वाळलेल्या मिठाचे पांढरे डाग. कोणत्याही इमारतीत पूर्वसूचनेशिवाय प्रवेश करण्याचा व दोष आढळल्यास तो जागीच दूर करवून घेण्याचा त्यांना अधिकार आहे. स्वभाव, गोपनीय अहवालानुसार, शांत.

गोपनीय अहवाल लिहिणारे साहेब त्यांच्या घरी कधी आले नव्हते.

घरात बैठकीच्या खोलीत, जिथे चार लोकांकडे टीव्ही असतो, तिथे समुद्र होता. काचेचा, पलंगाएवढा लांब, वर निळा दिवा. मासे तीनच, तेही नावाला. खरा मान जिवंत पोवळ्यांचा. त्यातलं एक फांद्याफांद्यांचं, जांभळट. आणलं तेव्हा बोटाच्या पेराएवढं होतं, आता कोबीच्या गड्ड्याएवढं झालं होतं. बायको त्याला सवत म्हणायची. "सवतीचं आटोपलं असेल तर दोन घास तुम्हीही खा," अशी जेवायची हाक यायची.

पोवळं आपली हाडं आपणच बांधतं आणि त्याचं सामान पाण्यातून उचलतं. ते सामान पाण्यात किती उरलंय, हे अल्कलिनिटी नावाच्या आकड्यावरून कळतं. आकडा फार घसरला की बांधकाम बंद. आणि तो रोज वरखाली उड्या मारू लागला, तर फांद्यांचे शेंडे पांढरे पडतात. मग तो पांढरेपणा हळूहळू खाली उतरतो आणि शेवटी उरतो तो सांगाडा. तपासनीसांनी आपल्या टाकीसाठी आठ हा आकडा ठरवला होता. साडेसात चालतो, नऊही चालतो, असं सगळे सांगत. पण लिफ्ट मजल्याच्या बोटभर खाली थांबली, तर 'चालतंय की' म्हणणाऱ्यांच्या गुडघ्यांचं काय होतं, हे त्यांनी नोकरीत पाहिलं होतं. आठ म्हणजे आठ.

आणि आता शेंडे पांढरे पडले होते.

सकाळी उठल्या उठल्या ते टाकीसमोर बसत. छोट्या बाटलीत टाकीचं पाणी, त्यात औषधाचा एकेक थेंब. निळं पाणी पिवळं झालं की थेंबांवरून आकडा निघे. थेंब मोजताना घरात कोणी बोलायचं नाही, असा अलिखित नियम होता. लिहिला नव्हता कारण लिहिताना लक्ष विचलित झालं असतं. सकाळी आकडा सातच्या खाली. मग स्वयंपाकघरातल्या डब्यातला चमचाभर खायचा सोडा विरघळवून टाकीत, आणि "कमी आहे, फारच कमी आहे," असं पुटपुटत ऑफिसला. संध्याकाळी येऊन बघावं तर नऊच्या वर. मग बादल्या, नळ्या, निम्मं पाणी काढून कमी आकड्याचं ताजं खारं पाणी घालणं. सकाळी पुन्हा सातच्या खाली.

एका चमच्याने एवढी उडी बसत नाही, हे त्यांना कळत होतं. पण संशय घ्यायला जागा पुष्कळ होत्या. आधी मिठाच्या पोत्यावर घेतला, मग पंपावर, मग औषधाच्या बाटलीवर. दुकानदाराने लगोलग दुसऱ्या कंपनीची बाटली दिली. तिने वेगळाच आकडा दाखवला. दोन घड्याळं बांधणाऱ्याला वेळ कळेनाशी होते, तसं झालं. ऑफिसात कुठल्याशा लिफ्टच्या तारा तपासतानाही त्यांचा हात थेंबांची बाटली शोधत खिशात जाई आणि रिकामा बाहेर येई.

इकडे लेकीचे दिवस भरत आले होते. ती दुसऱ्या शहरात. आईबाबांनी आधी येऊन राहायचं, हे कधीच ठरलं होतं. बायकोची बॅग दाराशी तयार होती.

"बाबा, दोघं निघताय कधी?" लेकीने फोनवर विचारलं.

"आकडा जरा स्थिर होऊ दे. लगेच निघतो."

"बरं. मग तुझ्या पोवळ्याला विचार, मी थांबू का म्हणून. डॉक्टर म्हणतात, कधीही होईल."

"डॉक्टर सावधगिरी म्हणून सांगतात गं."

"हो, आणि तू हौस म्हणून तपासतोस."

शेवटी एका सकाळी बायकोचा धीर सुटला. तपासनीस बाटली उजेडात धरून बसले होते.

"अहो, चार दिवस समुद्र आपला आपण राहील. खरा समुद्र कोण तपासतं?"

"खरा समुद्र मोठा असतो."

"आणि आपली पोरगी? ती काय, सवड मिळाली तर बघू, अशी आहे?"

थेंब चालू होते. आकडा निघाला तेव्हा वर बघितलं, तर दाराशी बॅग नव्हती आणि जिन्यावर चपलांचा आवाज होता.

त्यानंतर चमत्कार झाला. संध्याकाळी आकडा आठ. दुसऱ्या सकाळी आठहून जेमतेम कमी. चमचाभर सोडा, संध्याकाळी पुन्हा आठ. शेंड्यांचा पांढरेपणा होता तिथेच थांबला. तपासनीस आनंदायला हवे होते, पण त्यांना बसवेना. न हलणाऱ्या आकड्यावर त्यांचा विश्वास नव्हता. रजा टाकून ते घरीच थांबले. उठायचे, काचेला नाक लावायचे, परत बसायचे, परत उठायचे. एकदा थेंब मोजताना फोन वाजला, वाजत राहिला, थांबला, पुन्हा वाजला. त्यांनी मोजणं सोडलं नाही. आठ.

मग मात्र त्यांनी आपण होऊन बायकोला फोन लावला.

"ऐकलंस का, जमलं. सोडा आता आधी नीट विरघळवून हळूहळू सोडतो. त्याचाच गुण."

"त्याचा नाही," बायको म्हणाली. "मी तिथे नाही, त्याचा गुण. तुम्ही कमी-कमी करत ऑफिसला गेलात की मीही घालायचे एक चमचा. चांगला भरून."

"तू?"

"म्हटलं, संध्याकाळी आकडा बरा दिसला तर निघाल तरी. सकाळचा तुमचा चमचा मला काय माहीत? तुम्ही कधी सांगता का काही, कमी आहे याखेरीज?"

एका लिफ्टला दोघं जण, एक आतून, एक बाहेरून, एकाच वेळी बटणं दाबताहेत. अशा लिफ्टबद्दल अहवाल कसा लिहायचा, हे त्यांना तोंडपाठ होतं. चूक कोणाची, हा रकाना त्या अहवालात नसतो.

"मग आता येतो मी," ते म्हणाले. "लगेच."

"या. मघाशी त्यासाठीच फोन करत होते, दोनदा. मुलगी झाली. दोघी ठीक आहेत."

त्यांनी काहीतरी विचारायला तोंड उघडलं, पण तिने फोन ठेवला होता. तिकडे कोणीतरी तिला हाक मारत होतं. सोड्याचा डबा फडताळात गेला, दिवा आपला आपण मालवेल असा लावून झाला. टाकीकडे पाठ करून त्यांनी दार ओढलं, परत उघडलं, आत जाऊन नुसते उभे राहिले, आणि पुन्हा ओढलं. बसमध्ये खिडकीची जागा मिळाली. पुढच्या सीटची दांडी त्यांनी सबंध प्रवासभर धरून ठेवली.

ते दवाखान्याच्या दारात पोहोचले तेव्हा भेटीची वेळ संपली होती.