जावयाचं उसनं आणि कंपनीचं मशीन

पाटणला माझं शिवणकामाचं दुकान होतं, तेव्हा लढाई चालू होती आणि माझ्या डोक्यावर दोन देणी होती. दोन्ही एकाच मशीनपायी झालेली. मशीन हप्त्यांवर घेतलेलं. दर महिन्याला सांगलीहून कंपनीचा माणूस यायचा. कोळशाच्या गॅसवर धापा टाकणाऱ्या मोटारीतून उतरायचा, चहा प्यायचा, हप्ता घ्यायचा आणि जाताना मशीनचं चाक एकदा हाताने फिरवून बघायचा. मला वाटायचं, आपुलकीने बघतो. सुरुवातीला कंपनीकडे जी रक्कम एकदम भरावी लागली, ती मात्र माझ्या दाजींनी, म्हणजे कराडला दिलेल्या थोरल्या बहिणीच्या नवऱ्याने, हातउसनी दिली होती. कागद नाही, व्याज नाही, तारण नाही.

"घरात कसला कागुद, पावणं?" असं म्हणून त्यांनी माझ्या पाठीवर थाप मारली होती.

मी सहज फसणारा माणूस नव्हे. सांगलीत एका दुकानात काजं-बटणं करत करत धंदा शिकलो. आणा कमी करायला सांगणाऱ्या गिऱ्हाइकाला, मग बटणही एक कमी लावतो, असं तोंडावर सांगत आलो. हप्त्यांची बेरीज रोखीच्या भावापेक्षा किती वर जाते, हे सही करण्याआधीच मी काढलं होतं आणि भांडून भांडून थोडं खाली आणलंही होतं. पण माझं सगळं भांडण किमतीशी झालं. मशीन कुणाचं, हे मी विचारलंच नाही. ते माझ्या दुकानात होतं, पायट्यावर पाय माझे चालत होते. दसऱ्याला मी त्याला हळदकुंकू लावलं, झेंडूचा हार घातला. जिची पूजा आपण करतो ती वस्तू दुसऱ्याची असेल, असं कुणाच्या मनात येतं?

पुढे कापड रेशनवर गेलं आणि धंदा बसला. लोक जुनेच कोट उसवून, आतली बाजू बाहेर घेऊन शिवून मागू लागले. त्यात कितीसे सुटणार? बहुतेक हप्ते फिटले होते, थोडे उरले होते, आणि तेवढ्यात माझे पैसे थकले. कंपनीच्या माणसाने महिनाअखेरची मुदत दिली. नाहीतर मशीन उचलावं लागेल, असं अगदी गोड आवाजात सांगून गेला. नशिबाने त्याच सुमारास पलटणीतली पोरं रजेवर आली, दोन लग्नं निघाली, आणि माझ्या हातात पैसा आला. एक देणं भागेल एवढाच.

पैसा आल्याचा वास दाजींना कसा लागला कोण जाणे. बाजारच्या दिवशी, दुकान भरलेलं असताना, ते येऊन ओट्यावर बसले.

"काय पावणं, मशीन लय जोरात पळतंय. आमच्या पैशाला मातुर पाय फुटंनात."

मी आवाज खाली आणून म्हणालो, "दाजी, म्हैनाभर दम धरा. कंपनीचं थकलंय. त्यो मशीन उचलीन म्हंतोय."

"आवं, त्यो परका मानूस. त्याला थांबवायचं सोडून जावयाला थांबिवता व्हय?" हे त्यांनी माझ्याकडे नव्हे, गिऱ्हाइकांकडे बघून हसत हसत म्हटलं. "आमचं काय न्हाई. पर आमची आय तुमच्या भैनीला रोज इचारती, तुजा भाऊ घ्यायला मोटा आन् द्यायला बारका कसा गं? आता म्हातारीच्या तोंडाला कोन हात लावनार?"

दोघंतिघं हसले. माझं डोकं फिरलं. आमच्याकडे जावयाला रिकाम्या हाताने दारातून परत पाठवत नाहीत. तो काय घेऊन गेला नाही, ते बहिणीला चुलीपुढे ऐकावं लागतं. मी सगळ्यांच्या देखत पैसे मोजून दिले आणि वर बहिणीसाठी एक खण दिला. दाजींनी तो उजेडात धरून पोत बघितला.

महिनाअखेरीला कंपनीचा माणूस आला तो हातगाडी आणि दोन हमाल घेऊनच. मी दारात आडवा उभा राहिलो.

"बारा आणे मशीन माझं झालंय," मी म्हणालो. "तुमचे चार आणे राहिलेत. चाक काढा, पायटा काढा, काय चार आण्यांचं होईल ते न्या."

तो रागावला नाही. "मास्तर, तुम्ही आजवर दिलंत ते भाडं. शेवटचा हप्ता फिटला असता म्हणजे मशीन तुमचं झालं असतं. तोवर ते कंपनीचंच. सही तुमची आहे."

"मग इतके दिवस सांगितलं का नाही?"

"तुम्ही इतके दिवस भावच करत होतात."

हमालांनी मशीन उचललं. पायट्याखालची फरशी तेवढीच गुळगुळीत झालेली दिसली.

मी साताऱ्याला जाऊन वकील गाठला. त्याने ऐकून घेतलं आणि म्हणाला, "उलटं केलंत. हातउसन्याला कशाचा आधार? तुमच्या मेहुण्याने फार तर दावा लावला असता, तारखा पडत राहिल्या असत्या, त्याला तुमच्या दुकानातली सुईही उचलता आली नसती. कंपनीला आधी द्यायचं, त्याला नंतर." एवढं सांगायचे त्याने पैसे घेतले. बिनतारणी कर्ज म्हणे. माझी बहीण त्या घरात सकाळ-संध्याकाळ भाकऱ्या थापत होती. याहून मोठं तारण कोणत्या सावकाराने घेतलंय?

पुढचं मला कराडच्या बाजारात कळलं. लढाईत नवी मशीनं मिळत नव्हती, जुन्यालाही भाव आला होता. दाजी सांगलीला गेले आणि माझ्याकडून नेलेल्या पैशांत थोडी भर घालून त्यांनी माझंच मशीन कंपनीकडून घेतलं. रोखीने. मग माझ्याकडे निरोप्या पाठवला: मशीन घरचंच आहे, पावण्यांनी येऊन चालवावं, शिलाई निम्मी निम्मी. तो निरोप्या माझ्या ओट्यावर फार वेळ टिकला नाही.

मी सांगलीला परतलो, पुन्हा दुसऱ्याच्या दुकानात बसलो आणि एक एक करत माझी मशीनं उभी केली, सगळी रोखीने. लोक म्हणतात, तुमचं चांगलं झालं. झालं. पण त्या वर्षापासून मी भाऊबीजेला कराडला गेलो नाही. ज्या घरात माझ्या मशीनवर दुसरा शिंपी बसतो, त्या घरात मी पाटावर बसून ओवाळून घेणार नव्हतो. बहिणीने दोनदा माणूस धाडला. तिसऱ्या वर्षी कुणी आलं नाही. तिची सासू आता तिला विचारते म्हणे, तुझा भाऊ का येत नाही गं? मी पैसे दिले होते ते तिला काही ऐकावं लागू नये म्हणून.