ओले पैसे

माझं अक्षर वाकडंतिकडं आहे आणि ऱ्हस्वदीर्घ मला कधीच जमलं नाही. चौथीपर्यंतच शिकले. कुणाच्या हाती ही वही पडलीच तर चुका पोटात घालाव्यात. वहीही माझी नाही. धाकट्या लेकीची गणिताची आहे, मागची पानं कोरी होती.

मागच्या महिन्यात माझ्या माहेरच्या गावाहून, निपाणीकडून, एक मास्तर आले होते. बेळगावात घर विचारत विचारत आले. माझ्या वडिलांचं, आप्पांचं, चरित्र छापायचं गावानं ठरवलं आहे म्हणाले. "स्वराज्य आलं, आक्का. आता अशा साधुपुरुषांची आठवण ठेवाय पायजे. तुम्ही लेक हाईसा. सांगा की कायतरी."

मी दाराआड उभी होते. परक्या माणसासमोर माझ्या तोंडून शब्द फुटत नाही, लहानपणापासूनच. धाकटीच्या हाती चहा पाठवला. मास्तरांनी आप्पांचा फोटो आहे का विचारलं, तर नाही हेही तिलाच सांगायला लावलं. मास्तर उठले, चपला घालता घालता म्हणाले, "आप्पांची हीर अजून हाय बघा. कठडा तेवढा व्हायचा ऱ्हायलाय."

त्यांना जे सांगता आलं नाही ते इथं लिहिते. हे त्यांना पाठवणार नाही.

आप्पा शिंपी होते. एरवी मशीन आणि एकादशीला देवळात कीर्तन. त्यांचा आवाज असा, की बोरगावाहून माणसं गाडी जोडून ऐकायला येत. देवळाच्या आवाराला कमरेएवढी भिंत होती. भिंतीबाहेर चिंचेखाली वेशीबाहेरच्या वस्तीतली माणसं बसत. त्यांना कुणी शिवत नसे, आत यायची त्यांना बंदी होती. कीर्तन मात्र ती शेवटपर्यंत ऐकत. आरतीचं ताट सगळीकडे फिरे आणि भिंतीशी थांबे. पलीकडे एक चपटा दगड होता. त्यावर ती माणसं आपले पैसे ठेवून मागं सरत.

ते पैसे आणायचं काम माझं होतं. पुजारीकाकांनी तांब्या दिला होता. आधी पाणी शिंपडायचं, मग उचलायचे, मग ताटात टाकायचे. मला त्या कामाचा अभिमान वाटे. बोलावं लागत नसे ना.

ताटातले पैसे आप्पांना मिळत. एका एकादशीला घरी आल्यावर त्यांनी ते मशीनच्या फळीवर ओतले. तिथं कुणाचं तरी पांढरं कापड अर्धं शिवून ठेवलेलं. त्यावर डाग पडले.

"पैसे वलं कशानं गं?"

"दगडावरचं हाईत," मी म्हणाले. "पाणी मारून घेतलंत. दर बारीला घेतोय की."

आप्पा खाली बसले. आई चुलीपासून म्हणाली, "तुमाला काय आजच कळलं व्हय?"

"कळलं व्हतं," आप्पा म्हणाले. "बघितलं न्हवतं."

त्या दिवशी ते जेवले नाहीत.

पुढच्या एकादशीला कीर्तनाआधी ते पंचांपुढं उभे राहिले. म्हणाले, चिंचेखालची माणसं आत आली तरच मी उभा राहीन. पंचांतले थोरले हसले. "बुवा, कीर्तनात बोलायचं येगळं आन् गावात ऱ्हायचं येगळं. तुमी काय ल्हान हाईसा?"

आप्पांनी टाळ उचलले, धोतर खोचलं आणि भिंतीवरून पलीकडे गेले. मृदंगवाला आतच राहिला. चिंचेखाली आप्पांनी एकट्यानं कीर्तन केलं. संपल्यावर वस्तीतल्या कारभारी म्हाताऱ्याकडे पाणी मागितलं. म्हातारा देईना. "बुवा, तुमी पिऊन जाशीला, मार आमाला बसंल." आप्पांनी हात पुढं केला तो मागं घेतलाच नाही. शेवटी त्याच्या सुनेनं लोटा आणून दिला. ती माझ्याएवढीच, नुकती नांदायला आलेली.

तिसऱ्या दिवशी गावच्या विहिरीवर आमची घागर बंद झाली. मशीनवर कापड येईना. चोळ्या शिवायला येणाऱ्या बायका दारावरून तोंड फिरवून जात. शाळेत मला दारापाशी वेगळं बसवलं. चार दिवस बसले, मग गेलेच नाही. खानापूरकडच्या एका गावी माझ्या लग्नाची सुपारी फुटली होती. तिथून एक माणूस आला, ओसरीवर चढलाही नाही, उभ्याउभ्या नाही सांगून गेला.

आई नदीवरून पाणी आणायची. दोन घागरी डोक्यावर, एक कमरेवर. आल्या आल्या बोलायची, "देवासाठी करतायसा, करा. लेकीचं काय करायचं ते बी देवाला इचारून ठिवा." आप्पा मान खाली घालून दोरा ओवत. मशीनला काम नसताना ओवत.

मी कोपऱ्यात बसून एकच विचार करी. त्या दिवशी पैसे परकराला पुसून टाकले असते तर? नाहीतर नुसतं माहीत नाही म्हणाले असते तर? एरवी गप्प असणारी मी, नेमकं तेवढंच बोलले होते.

मग आप्पांनी हिशेब मांडला. दगडावरचे एका एकादशीला दोन आणे. वर्षाच्या चोवीस एकादश्या, म्हणजे तीन रुपये. बारा वर्षं कीर्तन केलं, छत्तीस रुपये. ते परत करायचे. मला सोबत घेऊन ते वस्तीत गेले.

कारभारी म्हातारा खो खो हसला. "देवाला दिल्यालं कुणी म्हागारी घेतंय व्हय?"

"देवाला कुठलं? मी खाल्लं ते. माझ्या पोरीनं खाल्लं."

मग म्हातारा म्हणाला, "रोख नगो. आमास्नी हीर न्हाय. वढ्यात खड्डं करून पाणी पितोय. हीर आमी खणतो. दगड-चुन्याचं तुमी बघा."

विहीर त्यांनी खणली. आप्पा निपाणीला चालत जाऊन तंबाखूच्या वखारीत पोती शिवू लागले, दाभण आणि सुतळी घेऊन. तिथं त्यांचं कीर्तन कुणाला ठाऊक नव्हतं. घरी येत ते खोकत येत. चार आणे जमले की वस्तीत देऊन येत. आईचं लुगडं फाटलं तरी ते चार आणे आधी. मला आईचं पटे आणि आप्पांचंही पटे. दोघांपैकी कुणाला काही म्हणावं एवढी ताकद माझ्यात नव्हती.

एकवीस रुपये फिटले, विहीर वरपर्यंत बांधून आली, कठडा तेवढा राहिला, आणि आप्पा तापानं अंथरुणाला खिळले. सातव्या दिवशी गेले. आदल्या दिवशी मला म्हणाले, "पंधरा ऱ्हायलं गं." खांदा द्यायला वस्तीतली माणसं आली. गावातून एकटा मृदंगवाला आला.

मामानं आम्हाला बेळगावात आणलं आणि मला एका बिजवराला दिलं. कचेरीत शिपाई आहेत. माणूस वाईट नाही. पहिल्या वर्षी धीर करून त्यांना पंधरा रुपयांचं सांगितलं. ते म्हणाले, "तुझ्या बापाचं येड माझ्या पगारातनं फेडायचं व्हय?" त्यानंतर मी विषय काढला नाही. माझ्या हातात आणा येत नव्हता. दर एकादशीला उपास करी आणि मनात पंधराच्या पंधरा.

मुलं मोठी झाल्यावर शेजारणींच्या जुन्या लुगड्यांच्या वाकळा शिवून द्यायला लागले. कोणी पैसे देई, कोणी जोंधळे. मास्तर येऊन गेले तेव्हा डब्यात अकरा रुपये होते. उरलेल्या चार रुपयांचं मी यांना पुन्हा विचारलं. या वेळी हे आपणहून उठले, खुंटीवरच्या कोटातून चार काढून दिले. "घे. पुस्तकात येणार म्हणत्यात न्हवं तुझं आप्पा?" पुस्तक नसतं तर दिले नसते. तरी मी घेतले.

परवा निपाणीच्या मोटारीनं गावी गेले. देवळाच्या भिंतीला आता चिंचेच्या बाजूनं दार केलंय. ज्यांनी आमचं पाणी बंद केलं, त्यांच्याच घरावर आप्पांच्या पुस्तकाच्या वर्गणीची पाटी होती. मी खाली मान घालून वस्तीत गेले.

कारभारी म्हातारा कधीच गेला. त्याची सून विहिरीवर होती, केस पिकलेली. कठडा नाही म्हणून आडव्या टाकलेल्या दोन फळ्यांवर उभी राहून पाणी शेंदत होती. मी कोण ते सांगितलं. तिनं घागर खाली ठेवली. मी रुमालाची गाठ धुण्याच्या दगडावर ठेवली आणि दोन पावलं मागं सरले.

ती रागावली नव्हती.

"आक्का," ती म्हणाली, "तुमच्या आप्पांनी हितं कवा दगडावर ठिवलं न्हाईत."

मी काय केलं ते मला तेव्हा कळलं. विचार करून केलं नव्हतं. हात आपोआप गेला होता. जमीन दुभंगून आत घेईल तर बरं असं झालं. मी गाठ उचलली. खालून रुमाल ओला झाला होता. ती पुढं आली, मी तिच्या हातात दिली. तिची बोटं गार होती.

तिनं फळीवर बसून पैसे मोजले. पंधरा भरले.

"फिटलं," ती म्हणाली.