मालनच्या विहिरीसाठी

फोन आला तेव्हा मी शाहूवाडीहून आलेले तांदूळ निवडत होते. भाचा म्हणाला, "मामी, आई गेली." माझी नणंद सुमनआक्का रात्री झोपली ती उठलीच नाही. त्याला आता महिना होऊन गेला.

गडमुडशिंगीच्या रस्त्याला आक्काचा पेट्रोल पंप. नवऱ्यामागं तिनंच चालवला. तोंडानं फटकळ, पण पोटात काही ठेवायची नाही. पंपामागं मालनचं घर, गोठा आणि विहीर. एके सकाळी मालनच्या म्हशींनी पाण्याला तोंडच लावलं नाही. तिनं कळशी आणून आक्काच्या नाकापुढं धरली. वास पेट्रोलचा! आमचीच जमिनीतली टाकी गळत होती. सगळे म्हणाले, गप्प बसा, कोण सिद्ध करतंय? आक्का म्हणाली, "मला नाक हाय की!" त्याच दिवशी तिनं टाकी रिकामी केली, मालनला टँकर सुरू केला आणि पुण्याहून इंजिनियर बोलावला.

नुसती विहीर उपसून भागणार नाही, असं तो म्हणाला. जमिनीत खोल नळ्या रोवून कॉम्प्रेसरनं पाण्याखाली हवा दाबायची. बुडबुड्यांबरोबर पेट्रोलची वाफ वर येते, ती ब्लोअरनं ओढून कोळशाच्या पिंपातून गाळायची. दोन्ही यंत्रं सोबतच चालायला हवीत, नाहीतर वाफ आसपासच्या घरांत शिरते. पंपावर येणारे हसायचे, "आक्का, जमिनीत हवा भरताय व्हय?" आक्का म्हणायची, "व्हय, तुमच्यात बी भरू का?"

काम बरं चाललं होतं आणि खंडेनवमी आली. आमच्याकडं त्या दिवशी यंत्रांची पूजा करतात आणि त्यांना विश्रांती देतात. पंपावरच्या तानाजीनं ब्लोअर बंद करून त्याला हार घातला. कॉम्प्रेसर मात्र चालूच! तो भाड्याचा, त्याची पूजा त्याचा मालक करील, असा याचा हिशेब. दुपारी मालनच्या स्वयंपाकघरात पेट्रोलचा भपकारा. आक्का धावत गेली, कॉम्प्रेसर बंद केला, मालनचा गॅस बंद केला, दारं-खिडक्या सताड उघडल्या. नशीब, काही पेटलं नाही. मालन एवढंच म्हणाली, "पाणी नासलंस, आता घर बी पेटिवतीस व्हय?" त्यानंतर तिनं बोलणं टाकलं.

पुढं जवळजवळ वर्षभर यंत्रं घरघरत राहिली. शेवटी पाणी स्वच्छ असल्याचा अहवाल आला. आक्का तो घेऊन गेली, तर मालननं दार लावून घेतलं. आक्कानं टँकर थांबवला नाही. रोज सकाळी स्वतः त्याच्याबरोबर जाऊन ओरडायची, "मालन, पाणी आलंय गं!" मी वैतागून म्हणाले, "आता कशाला? कागद हाय की तुमच्याकडं."

"कागद कोण पितंय? तिनं एकदा त्या हिरीचं पाणी प्यावं. मग मी सुटले."

...आणि ते न बघताच गेली.

त्या दिवशी आक्काच्या घरात चूल पेटली नव्हती. संध्याकाळी मालन पिठलं-भाकरी आणि पाण्याची कळशी घेऊन आली. मी विचारलं, "पाणी कुठलं?"

"आमच्या हिरीचं. दिवाळीपास्नं आमी ह्येच पितोय."

"मग टँकरचं?"

"म्हशींना."

माझं डोकंच फिरलं. लोकांनी भरलेल्या घरात मी ओरडले, "अगं, जीव अडकला होता तिचा त्यात! एका शब्दानं सांगायचं नाही?"

मालननं पदर तोंडाला लावला. "रोज सकाळी दारात येऊन हाक मारायची, वहिनी. सांगितलं असतं तर यायची बंद झाली असती..."

मी फुलपात्र भरून घेतलं आणि घटाघटा प्याले. मग दुसरं भरून मालनला दिलं. पाणी गोड होतं.