चिंचेच्या पाण्यातला बिल्ला

भिंतीवरच्या सत्काराच्या फोटोत मी वाकडी का उभी आहे, असं नातवंडं विचारतात. खांदा पुढे, मान मागे, जणू कुणी पाठीत बुक्की घातलीय. मी सांगते, उसण भरली होती. खरं म्हणजे मी बिल्ला दाखवत होते. त्याच्यावर नीट उजेड पडावा म्हणून ती तेविशीतली बया सगळा समारंभ संपेपर्यंत तशीच वाकडी उभी होती.

त्या वेळीही घरोघरी काही ना काही देवाचं देणं असायचंच. आमच्या गल्लीत एकाला भिंतीपलीकडचं दिसायचं. पत्र्यापलीकडचं मात्र दिसत नसे, म्हणून गल्लीतली झाडून सारी न्हाणीघरं पत्र्याची होती. एकीला दूध नासायच्या आधी कळायचं. माझं देणं ओझ्याचं. भरली बैलगाडी मी एका हातानं उचलायची. पण देणं असणं वेगळं आणि त्या देण्यानं कुणाला वाचवणं वेगळं. वाचवायला सरकारी परवाना लागे. तारक कचेरीत परीक्षा द्यायची, मग पितळी बिल्ला मिळे आणि पगार सुरू होई. बिल्ला छातीवर नसताना आगीत नाहीतर पाण्यात हात घातला की गुन्हा. परीक्षा पास झालेल्यालाही सूट नव्हती. कायदा उगाच आला नव्हता म्हणा. बुडणाऱ्याला वाचवायला एका हौशी माणसानं विहीरच तापवून आटवली होती. विहीर कोरडी झाली आणि माणूस शिजला.

आमच्या भागात बिल्लेवाली बाई मी एकटीच. सोलापूरच्या नवी पेठेत सुई आणायला जातानाही मी बिल्ला लावून जायची. सुई दुकानदारानं खाली पाडली असती तर उचलून दिली असती, एवढीच काय ती माझी तिथली गरज.

माझ्या सासूबाई, मी त्यांना आत्याबाई म्हणायची, त्या वळसंगच्या. त्यांचं देणं विस्तवाचं. आग त्यांना लागत नसे. भाकरी तव्यावरून काढायची, आरावर उभी करायची, फिरवायची, सगळं उघड्या बोटांनी. त्यामुळे आमच्या घरात चिमटाच नव्हता. मी लग्न होऊन आले त्या दिवशीच बोटं पोळून घेतली.

"आत्याबाई, चिमटा कुटं हाय?"

"गाडी उचलतीस आन भाकरी उचलंना व्हय गं?"

आमच्यात माणूस गेल्यावर पुरतात. त्यावरून त्या म्हणायच्या, "बरं हाय बाई. जाळायची रीत असती तर माज्यापायी लाकडाची वखार रिकामी झाली असती आन मी तितंच बसून ऱ्हायली असती."

एकदा भाकऱ्या थापता थापता त्या म्हणाल्या, "माजा बी अर्ज भर की."

"तुमाला कशाला बिल्ला?"

"लावाय. आनि कशाला?"

त्यांना लिहिता येत नव्हतं. मी फॉर्म आणला. देणं आजवर कोणत्या कामी आलं, असा त्यात रकाना होता. त्यांनी मला सांगितलं, नवी नवरी असताना वळसंगला कडब्याची गंज पेटली, तेव्हा आत अडकलेली जावेची पोर त्यांनी काढली होती. तेव्हा परवाने निघाले नव्हते, म्हणजे गुन्ह्याचाही प्रश्न नव्हता. "त्ये लिही," त्या म्हणाल्या.

मी लिहिलं, भाकरी भाजणे. बिल्लेवाल्याची शिफारस हवी होती, तो रकाना कोराच ठेवला. त्यांनी अंगठा टेकवला आणि शाई पदराला पुसली. मी असं का केलं, याला काही मोठं कारण नाही. एका घरात दोन बिल्ले झाले असते, तर माझ्याकडे कोण बघणार होतं?

अर्ज परत आला. 'देणं घरगुती, परवान्यास पात्र नाही.' मी मोठ्यानं वाचून दाखवलं.

"घरगुती म्हंजी?"

"घरातलं."

"मग बरुबरच हाय की. इरली बिडु," त्या म्हणाल्या. मनाला लागलं की त्या कानडीत बोलायच्या. असू दे म्हणून त्यांनी भाकरी परतली.

दुष्काळ संपून दोनेक वर्षं झाली असतील. भर दुपारी गल्लीच्या टोकाच्या मागाच्या शेडला आग लागली. सुताचा ढीग पेटला होता, आढं दारात आडवं पडलं होतं आणि आत कांड्या भरणारी एक बाई अडकली होती. तिच्या "अम्मा, अम्मा" अशा हाका बाहेर ऐकू येत होत्या. मी सगळ्यांच्या आधी पोचले. आढं उचलणं माझ्या डाव्या हाताचा खेळ. हात पुढे केला आणि पदराकडे बघितलं. बिल्ला नव्हता.

बिल्ला घरी वाटीत होता, चिंचेच्या पाण्यात. दर आठवड्याला मी त्याला चिंच आणि राख लावून लखलखीत करायची. असलं करणारी सबंध सोलापुरात मी एकटीच असेन.

मी मागं पळाले. घर चार दारं सोडून होतं. वाटीतून बिल्ला काढला. इथवरचं एक वेळ सांगता येतं. मग मी तो धुतला. पदरानं पुसला. चिंचेचं पाणी वाळून पांढरं राहिलं तर कचेरीतले साहेब काय म्हणतील, म्हणून मागच्या बाजूनंही पुसला.

परत आले तर आत्याबाई शेडमध्ये गेल्या होत्या. आढ्याखाली हातभर फट होती, तिच्यातून सरपटत. बिल्ला नाही, परवाना नाही, अर्ज नामंजूर. मी आढं उचललं तेव्हा त्या बाईला पोटाशी घेऊन, तिच्यावर ओणव्या होऊन बसल्या होत्या. जळतं सूत त्यांच्या पाठीवर पडत होतं आणि त्या ते हातानं झटकत होत्या, अंगावरची माशी झटकावी तशा. दोघी बाहेर आल्या. बाईचा केसही जळला नव्हता.

कचेरीचे साहेब पंचनाम्याला आले. "आतून कुणी काढलं?"

मी तोंड उघडायच्या आत आत्याबाई बोलल्या, "सुनंनं काडलं की. मी आपली पानी घिऊन आलते."

खरं सांगितलं असतं तर त्यांना तुरुंग होता. म्हणून मी सही केली, असं मी वर्षानुवर्षं स्वतःला सांगत आले. पण सहीखाली मी ऐटीत रेघही ओढली होती, हेही मला आठवतं.

सत्काराला शाल, नारळ आणि हा फोटो. ती कांड्या भरणारी बाई आली. माझ्या पुढून सरळ मागच्या रांगेत गेली आणि आत्याबाईंच्या पाया पडली. लोकांना वाटलं, वयाचा मान ठेवला.

पुढच्या आठवड्यात मी चुलीपाशी गेले तर भाकरी राखेत पडलेली आणि आत्याबाई बोटं तोंडात घालून बसलेल्या. मला बघून त्यांनी हात पदराखाली घेतला. मी ओढून बाहेर काढला. पाचही बोटांना फोड आले होते. काही जुने, काही ताजे.

देणं रांजणासारखं असतं. रोज थोडं घेतलं तर भरत राहतं, एकदम उपसलं तर तळाला चीर जाते. परीक्षेत हा प्रश्न आला होता. मला पैकीच्या पैकी मार्क होते.

"कदीपास्नं?"

"त्या दिसापास्नं. आत असतानाच शेवटाला चटका बसाय लागलता. तू यायच्या जरा आदी."

जरा आधी. मी तेव्हा बिल्ल्याची मागची बाजू पुसत होते.

मी नवी पेठेत जाऊन चिमटा आणला. त्यांनी तो उलटा धरला. जन्मात कधी धरला नव्हता. "शिकीव मला," त्या म्हणाल्या, "तू परीक्षा पास हायस की." त्यांच्या हातावर हात ठेवून मी त्यांना चिमटा धरायला शिकवला. मग माझा बिल्ला काढून त्यांच्या पदराला लावला. मी उन्हातून आले होते, पितळ तापलं होतं. त्या हसून म्हणाल्या, "काड गं बाई, पोळतंय."

दोन वर्षांनी त्या गेल्या. त्या दिवसाचा धूर छातीतून निघालाच नाही. वळसंगच्या शेतात आमच्या रीतीनं त्यांना बसवून माती दिली, तेव्हा बिल्ला माझ्या कमरेला होता. त्यांच्या मुठीत द्यावा असं मनात आलं. पण बिल्ला हरवला तर चौकशी, पगार बंद. मी दिला नाही. पुढे निवृत्त होताना कचेरीत जमा केला. कारकुनानं तो घासलेल्या-न घासलेल्या सगळ्यांबरोबर डब्यात टाकला.

नातवंडं माझ्या वाकड्या खांद्याला हसतात, ते बरोबरच आहे. त्याच फोटोत मागच्या रांगेत एक बाई दोन्ही हात पदराखाली घेऊन उभी आहे. सगळे टाळ्या वाजवताहेत आणि ती नाही. ती कोण, आणि तिचे हात का दिसत नाहीत, हे कुणीतरी विचारेल म्हणून मी इतकी वर्षं थांबले. कुणी विचारलं नाही, म्हणून लिहून ठेवलं.