चाळीस दिवसांचा चढा सूर

वेधशाळेत अप्पांना सगळे 'मिनिटकाटा' म्हणत. एकतीस वर्षं रोज सकाळी दुर्बिणीच्या खोलीतलं घड्याळ रेडिओच्या ठोक्यावर जुळवायचं आणि वहीत सही करायची, हे त्यांचं काम. घड्याळ जुनं, दिवसाला दहा सेकंद मागे पडायचं.

लेक वरच्या मजल्यावर सूर्याची थरथर मोजायची. सूर्य घंटेसारखा घुमतो. अकरा वर्षांच्या फेऱ्यात त्याचं चुंबकत्व वाढलं, की त्याचे सूर केसभर चढतात.

अप्पांच्या नोकरीच्या शेवटच्या चाळीस दिवसांत हे सूर चढलेले दिसले. सूर्य यंदा वेळेआधीच जागा होतोय, असं ठरलं. निरोपाच्या दिवशी प्रमुख म्हणाले, "मिनिटकाट्यानं जाता जाता सूर्यालाही उठवलं!" अप्पा लाजले होते. पुढच्या वर्षभरात अप्पा घरातल्या खोल्याही विसरले. तेवढं वाक्य राहिलं.

आता त्या चाळीस दिवसांवरचा शोधनिबंध छापायला द्यायचा होता. लेक पुन्हा आकडे तपासायला बसली. चुंबकत्वाचा जोर वरच्या थरात, त्यामुळे उंच सूर जास्त चढतात, खालचे जेमतेम. इथे सगळे एकाच प्रमाणात चढले होते. असं सूर्य करत नाही. मागे पडणारं घड्याळ करतं: त्याचा सेकंद लांबतो, म्हणून सगळेच सूर सारखे चढलेले दिसतात.

तिनं वही काढली. 'घड्याळ जुळवले.' चाळीस वळणदार सह्या. पान उलटलं. अप्पांच्या जागी आलेल्या नव्या माणसाची पहिलीच नोंद होती: सहा मिनिटं चाळीस सेकंद मागे.

"ढग होते असं लिहून ते चाळीस दिवस वगळू या का?" प्रमुख हळूच म्हणाले.

"नको. घड्याळ मागे होतं, असंच लिहा," लेक म्हणाली.

घरी अप्पा खिडकीशी बसले होते. "काय गं, लवकर उठला ना आपला सूर्य?"

आकड्यांच्या बाबतीत ती त्यांच्याशी कधी खोटं बोलली नव्हती. "नाही, अप्पा. चाळीस दिवस घड्याळ कुणी जुळवलंच नव्हतं."

"आणि सही?"

"रोजची आहे."

अप्पांनी खुर्चीच्या हातावर मूठ आपटली. "खोटी सही! जनाची नाही, मनाची तरी? कोण होता गं तो?"

तिनं त्यांची मूठ आपल्या हातात घेतली. "गेला तो, अप्पा."

"सुंठीवाचून खोकला गेला." ते जरा निवले. मग मान वर करून म्हणाले, "तू नको काळजी करू. उद्यापासून मी येतो."